ङ

इद्रीसची बायको थंडीनं गारठून
माझ्या दोन शाली पांघरून बसली आहे,
कोकणीपुऱ्यातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर.
इपोहला डिसेंबर नसतो, म्हणते.
म्हणजे असतो, पण असा दातांत येत नाही.

सुरयानी तिचं नाव. त्यात आपला सूर्य.
मुलीचं मेलाती. दूध बाजारातला बाळनाथ
पहिल्याच दिवशी म्हणाला, "मालतीच की मग!"
आणि मापाच्या वर थोडं जादा ओतलं.

मी तीस वर्षं मराठी शिकवलं, म्युनिसिपालटीच्या शाळेत.
शब्द हाती आला की उलटा करून तळ बघायची खोड.
तिच्याकडे भावाबहिणींना म्हणतात सौदारा.
मी ओरडलेच, अगं, सोदर! एका उदरातले!
कुटुंबाला कलुआर्गा. कुळ आणि वर्ग.
कधीकाळी गलबतात बसून गेलेले शब्द
रंग उडून, वाटेत वजन हरवून
आमच्या चहाच्या ट्रेवर उतरलेले.

पण काका-मामाशी तिचं अडलं.
आपण विचारतो, बापाकडचा की आईकडचा?
आत्या की मावशी, कुठल्या दारानं आलीस?
तिच्याकडे विचारतात, कितवी?
थोरली ती लोंग. मधला तो ङाह. शेंडेफळ सू.
आईकडून ये नाहीतर बापाकडून,
दारं सताड उघडी.
फक्त रांग मोडायची नाही.

तर मी मक लोंग झाले.
मेलाती हाक मारते
आणि मुनीरा स्वयंपाकघरातून लवंगांची बरणी घेऊन येते.

तिच्याकडे बघत सुरयानीनं दुसरं बोट दुमडलं.
"ही मक ङाह."

"नाही," मी म्हटलं.
कोणाचा आवाज तो, मलाच कळेना.
"ही तिसरी."

इद्रीसनं मोबाइल खाली ठेवला.

मी चार वर्षांची होते. तो अकरा दिवस होता.
सातव्या दिवशी जावळ काढलं,
अब्बांनी ते रुमालात गुंडाळून
सराफ बाजारात काट्यावर तोलून आणलं,
तेवढ्या चांदीचे पैसे वाटून टाकले.
सहा गुंजा. हे मला पाठ आहे.
चेहरा नाही.
मग पाळणा शेजारी गेला.
रेशनकार्डावर तो चढलाच नव्हता,
त्यामुळे खोडायलाही काही नव्हतं.
अम्मीनं बंदी घातली असंही नाही.
आमच्या भाषेत कोणी कितवा ते विचारत नाही
म्हणून कधी खोटं बोलावं लागलं नाही, एवढंच.
मी थोरली, मुनीरा माझ्या पाठची,
आणि पाठ केवढी लांब, कोण मोजतं?

सुरयानीनं काही विचारलं नाही.
हात उघडला, पुन्हा पहिल्यापासून.
लोंग. मग एक बोट, ते दुमडून
तिनं क्षणभर दुसऱ्या हातात धरलं. ङाह.
आलांग, मुनीरा.
सू, तिचा नवरा.
मुनीरा सत्तेचाळिसाव्या वर्षी एका जागेनं मागे सरकली
आणि बरणी हातात धरून उभीच राहिली.
"नाव काय होतं त्याचं?"

हारून.

संध्याकाळी मेलातीच्या वहीत मी सगळी नाती
देवनागरीत लिहून दिली.
ङपाशी पेन थांबलं.
बाई, यानं कुठला शब्द सुरू होतो?
दरवर्षी एखादं पोर विचारायचंच.
कुठलाच नाही, मी सांगायचे,
पण क-वर्ग पुरा व्हायला तो लागतो, घोका.

आता आम्ही तिघं भावंडं ओळीनं बसून
नाकातून ङ काढायचा प्रयत्न करतो,
सर्दी झाल्यासारखे.
मेलाती सहा वर्षांची. तिला सहज जमतो.
ती आमच्या चुका काढते,
पुन्हा म्हणायला लावते.